जेन्ताक, जंताघर आणि उन्हाळे

जलाशयाच्या काठी अग्निगृह उभारून त्यात घाम काढावयाचा व नंतर स्नान करावयाचे, ही रीत फिनलंडसारख्या उत्तरेकडील देशांचीच मिरास होय, असा सर्वसाधारण समज आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय वाचणाऱ्यास तो टिकविता येणार नाही. अग्नीच्या साहाय्याने करावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार तेथे सांगितले आहेत, आणि त्यांपैकी जेन्ताक हा प्रकार म्हणजे जलाशयाच्या काठावरील स्वेदगृहच आहे. जागा कोणती निवडावी येथपासून चरकाने आरंभ केला आहे. तळ्याचा दक्षिण किंवा पश्चिम काठ, उतरावयास चांगली वाट, पाण्यापासून सात-आठ अरत्नी अंतर. तेथे सोळा अरत्नी उंचीची, तेवढ्याच विस्ताराची, मातीने लिंपलेली व अनेक झरोक्यांची वाटोळी कोठी बांधावी. आत भिंतीलगत बसावयाचा ओटा, मध्यभागी पुरुषभर उंचीची भट्टी, तीत खैराची लाकडे. धूर निघून गेला की अंगास तेल लावून आत जावयाचे. मूर्च्छा आली तरी ओटा सोडू नये, कारण तो सुटला म्हणजे दार सापडत नाही व प्राणावर बेतते, असा इशाराही वैद्याने रोग्यास द्यावयाचा आहे.

एवढ्या तपशिलाची रचना केवळ ग्रंथकाराच्या कल्पनेतून उतरली असेल, असे वाटत नाही. तथापि चरकाचा उपदेश एका रोग्यास उद्देशून आहे. दहाजणांनी एकत्र घाम काढावयाचा झाला तर कोणी कोठे बसावे, याचा विचार तेथे नाही. तो पाली विनयपिटकात सापडतो.

चुल्लवग्गातील कथेप्रमाणे वैशालीस भिक्षूंना मिष्टान्नभोजनाने जडत्व येऊन ते आजारी पडू लागले. तेव्हा जीवक वैद्याने चंक्रमण व जंताघर यांस अनुज्ञा मागितली आणि बुद्धाने ती दिली. जेन्ताक व जंताघर या शब्दांचे साम्य उघड आहे. वस्तूही एकच असावी. विनयातील जंताघरास उंच जोते, धूर जाण्यास वाट, पाणी वाहून जाण्यास मोरी, बसावयास चौरंग व तोंडास फासावयास माती आहे. लहान जंताघरात अग्नी एका बाजूस, मोठ्यात मध्यभागी, असाही भेद केलेला आहे.

यापेक्षा महत्त्वाचे आहेत ते वर्तनाचे नियम. जो आधी येईल त्याने राख काढावी, झाडलोट करावी, माती भिजवावी. स्थविरांस खेटून बसू नये. परंतु नवागत भिक्षूंस त्यांच्या आसनावरून उठवूही नये. नग्न असता कोणी कोणास वंदन करू नये. जो शेवटी निघेल त्याने जागा धुऊन, अग्नी विझवून, दार लावून घ्यावे. हे नियम का करावे लागले, याची कथाही विनयकारांनी लपविलेली नाही. छब्बग्गिय नावाच्या उद्दाम भिक्षूंनी, स्थविरांनी मना केले असता, भट्टीत भरमसाट लाकडे घातली आणि दार लावून ते दाराशीच बसले. आतील भिक्षू उष्णतेने मूर्च्छित पडले. चरकाला जे भय रोग्याच्या भ्रमापासून वाटते, ते येथे शेजाऱ्याच्या दुष्टपणापासून आहे. स्नान सामुदायिक झाले की त्याचा प्रश्न वैद्यकाचा राहत नाही. याच खंधकाचा आरंभ आगंतुक व आवासिक भिक्षूंच्या परस्परवर्तनाने होतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आगंतुकाने प्रथम विचारून घ्यावयाचे असते, ते पिण्याचे पाणी कोणते आणि वापरावयाचे कोणते.

महाराष्ट्रात या व्यवस्थेचा शोध घेताना जुन्नरच्या लेण्यांकडे दृष्टी जाणे स्वाभाविक आहे. लाकूड-मातीचे जंताघर कातळावर दोन हजार वर्षे टिकावयाचे नाही. टिकल्या त्या पोढ्या. ‘पोढी’ म्हणजे खडकात कोरलेले पाण्याचे टाके. जुन्नरच्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्यांचे दान केल्याची नोंद आहे. नाणेघाटाने येणाऱ्याजाणाऱ्या व्यापारामुळे परदेशीय येथपर्यंत पोहोचले होते, आणि त्यांपैकी एकाचे पाणी स्थानिक भिक्षू पीत होते. नाशिक-कार्ल्याच्या लेखांत दान ‘चातुर्दिश’ संघास दिलेले आढळते. चारी दिशांच्या संघास दिलेल्या वस्तूवर आवासिकाचा हक्क आगंतुकाहून अधिक नसतो, ही कल्पना त्यामागे आहे.

घाटावर पाणी तापवावेच लागते. शिवनेरीवरील हमामखाना काय किंवा तालुक्यातील निमगाव सावा येथल्या घरची चूल आणि बंब काय, सरपणावाचून ऊन पाणी नाही. घाट उतरला की स्थिती पालटते. कोकणपट्टीत उत्तरेस पालघरपासून दक्षिणेस राजापुरापर्यंत ऊन पाण्याच्या झऱ्यांची रांगच आहे. पालीनजीकचे उन्हेरे, उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे ही ग्रामनामेच त्याची साक्ष देतात. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. या झऱ्यांचा जिवंत ज्वालामुखीशी संबंध जोडण्याची हौस जुनी आहे, पण तिला आधार नाही. पुष्कळसे झरे नदीकाठी आहेत: तानसेच्या तीरी वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी, गड नदीच्या तीरी अरवली. वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई-विजयाशी निगडित आहे. तेथे येणारा यात्रेकरू आणि रोज अंग धुणारा गावकरी यांचे कुंड एकच.

झरा कोणी खोदलेला नसतो, भट्टीही कोणी पेटविलेली नसते. मग आगंतुकास अडविण्याचा अधिकार कोणाचा? व्यवहारात हा अधिकार झऱ्याभोवतीच्या चिरेबंदीतून निर्माण होतो. कुंड बांधले की ते कोणाचे तरी होते, आणि जे कोणाचे तरी असते त्यापासून कोणास तरी दूर ठेवता येते. पाण्याच्या सार्वजनिकतेचा निवाडा ज्या महाडात झाला, तेथून जवळच सावित्रीकाठी सव येथे अशी उन्हाळी आहेत, हा योगायोग खरा; परंतु महाडच्या खटल्यातील युक्तिवाद उन्हाळ्यांसही तंतोतंत लागू पडतो. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला होता; सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत, असा त्याचा आशय. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. पुढील दाव्यात सवर्ण वादींचे म्हणणे असे की, तळे सार्वजनिक नव्हेच आणि अस्पृश्यांस मज्जाव ही पूर्वापार वहिवाट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी ही अनादि वहिवाट सिद्ध होत नाही, असा निकाल दिला. चवदार तळ्यास मानवी हातांचा इतिहास तरी होता. जमिनीतून आपोआप वर येणाऱ्या ऊन पाण्यावर वहिवाट सांगणे त्याहून कठीण. म्हणूनच पाण्याऐवजी पायऱ्या, भिंती व देवस्थान यांवर हक्क सांगितला जातो. १९५० च्या संविधानाने पंधराव्या अनुच्छेदात विहिरी व तलाव यांच्याबरोबर स्नानघाटांचा स्वतंत्र उल्लेख केला, तो या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पाणी आणि पाण्यापर्यंतची पायरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घटनाकारांनी ओळखले होते. मात्र सर्वांस समर्पित केलेली किंवा राज्याच्या पैशाने राखलेली स्थळेच त्या अनुच्छेदाच्या कक्षेत येतात. कोणा खाजगी मालकाच्या आवारात झऱ्याचे पाणी वळवून घेतले, तर प्रश्न पुन्हा चिरेबंदीपाशीच येतो.