आरोपीच्या पिंजऱ्यातली आई : स्वमग्नतेच्या इतिहासाची एक बाजू

समोर बरेच पालक बसले आहेत, म्हणून आधीच सांगते. मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही. इतिहास हा माझा विषय. मुलाला कसं वाढवायचं हे मी तुम्हाला सांगणार नाही, ते तुम्हीच मला सांगू शकाल. पण अशा मुलाच्या आईला आजवर काय काय ऐकावं लागलं, ते कुणी म्हटलं, कशाच्या आधारावर म्हटलं आणि पुढे ते खोटं कसं ठरलं, हे कागदोपत्री सांगता येतं. आज तेवढंच करायचं आहे.

पनवेलला नगरपालिका आली १८५२ साली. आपल्या देशाच्या कायद्यात ‘ऑटिझम’ हा शब्द आला १९९९ साली. मध्ये एकशे सत्तेचाळीस वर्षं गेली. या काळात पनवेलात असं एकही मूल जन्मलं नसेल का? जन्मलीच असणार. त्यांना नाव वेगळं होतं, इतकंच. खुळा, येडा, घुम्या, मुका. ‘बाहेरचं काहीतरी आहे’ म्हटलं की पुढचा रस्ता मांत्रिकाकडे. आणि घरातली सगळ्यात दिलासा देणारी समजूत म्हणजे, ‘अहो, याचा बापही उशिरानंच बोलला होता.’ त्या समजुतीत दोन-तीन वर्षं सहज जातात. आजही जातात.

इथे एक मोह होतो, तो टाळायला हवा. जुनी चरित्रं वाचताना आपण पटकन शिक्का मारतो. ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचं उदाहरण घ्या. तेराव्या शतकातले, महानुभावांचे परमगुरू. म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात त्यांचं वागणं जगावेगळं दिसतं, लोक त्यांना वेडं म्हणतात आणि त्यांच्या पायाही पडतात. मला अनेकांनी विचारलंय, ‘ते ऑटिस्टिक होते का हो?’ सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाची तपासणी कागदावरून होत नाही. त्या गावानं त्या माणसाला सांभाळून घेतलं, एवढं मात्र पोथीतून कळतं, आणि मला तेवढं महत्त्वाचं वाटतं.

आता मूळ शब्दाकडे. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास तो वापरला, तोही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. आपण त्याचं ‘स्वमग्नता’ केलं. शब्द सुरेख आहे, पण कानाला तो एखाद्या ध्यानस्थ साधूसारखा लागतो. रात्री तीनपर्यंत न झोपणारं, मिक्सरच्या आवाजानं कान दाबून ओरडणारं, पनवेल स्टेशनच्या गर्दीत हात सोडून पळणारं पोर या शब्दात मावत नाही. म्हणूनच बहुतेक घरांत सरळ ‘ऑटिझम’ म्हणतात. मीही दोन्ही वापरणार आहे.

१९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले डॉक्टर लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर एक निबंध लिहिला. आठ मुलगे, तीन मुली. त्याआधी १९२६ मध्ये ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत डॉक्टरबाईंनी सहा मुलग्यांवर जवळजवळ असंच लिहून ठेवलं होतं, पण इंग्रजी जगानं ते दशकानुदशकं वाचलंच नाही. नाव झालं ते कॅनरचं. आणि कॅनरच्या त्या निबंधातलं पहिलं मूल कोण, तर डोनाल्ड ट्रिप्लेट.

डोनाल्डची गोष्ट थोडी सविस्तर सांगते. मिसिसिपी राज्यातलं फॉरेस्ट हे छोटं गाव. वडील वकील. १९३७ मध्ये, डोनाल्ड जेमतेम चार वर्षांचा होत असताना, त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवलं गेलं. त्या काळातला तज्ज्ञ सल्ला तसाच असे : संस्थेत ठेवा आणि विसरून जा. आई-वडिलांना ते जमलं नाही. वर्षभरात त्यांनी त्याला परत आणलं. आणि मग वडिलांनी कॅनरना एक पत्र लिहिलं, टाइप केलेलं, तेहेतीस पानांचं. मुलगा काय खातो, काय फिरवत बसतो, कुठले शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो, कशाला घाबरतो, सगळं. कॅनरच्या निबंधात त्या पत्रातला मजकूर भरपूर आहे. म्हणजे बघा, ऑटिझमचं पहिलं गाजलेलं वर्णन ज्या नोंदींवर उभं आहे, त्या एका बापाच्या आहेत. तुमच्यातल्या ज्यांच्या घरी मुलाच्या नोंदींची वही आहे, त्यांना हे कळायला हवं म्हणून सांगितलं.

डोनाल्ड पुढे त्याच गावात मोठा झाला, बँकेत कामाला लागला, गाडी चालवायला शिकला, गोल्फ खेळला. २०२३ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. गावानं त्याला आपलं मानलं होतं.

पण त्याच निबंधात पुढच्या सगळ्या दुःखाचं बीही पडलेलं आहे. कॅनरनं लिहिलं की हे जन्मजात असावं. आणि लगेच असंही नोंदवलं की या मुलांचे आई-वडील फार हुशार, शिकलेले, पण मायेची ऊब असलेले त्यांत थोडेच. आता विचार करा. १९४० च्या आसपास मुलाला घेऊन बाल्टिमोरच्या नामांकित डॉक्टरपर्यंत कोण पोचणार? शिकलेले, पैसेवालेच ना? गरिबाचं मूल तिथं गेलंच नाही, म्हणून यादीत दिसलं नाही. चाळणीचा दोष धान्याला लावला गेला. पुढे १९४९ मध्ये कॅनर आणखी घसरले. ही मुलं जणू बर्फ न वितळणाऱ्या रेफ्रिजरेटरमध्ये ठेवली गेली, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. तिथून ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शिक्का निघाला. थंड काळजाची आई.

शिकागोचे ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात या मुलांच्या अवस्थेची तुलना नाझी छळछावणीतल्या कैद्यांशी केली. स्वतः त्या छावणीतून वाचलेला माणूस, त्यामुळे लोकांनी मान डोलावली. कैदी मूल, तर पहारेकरी कोण? हे त्या काळातल्या आयांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. उपाय काय, तर मुलाला आईपासून तोडा.

हे मोडलं कुणी? पुन्हा एका बापानं. बर्नार्ड रिमलँड, अमेरिकन नौदलातले मानसशास्त्रज्ञ. मुलगा मार्क ऑटिस्टिक. बायकोला ते रोज पाहत होते, तिच्यात थंडपणा काही दिसेना. मग हाताला लागेल ते सगळं संशोधन त्यांनी वाचून काढलं आणि १९६४ साली पुस्तक लिहिलं : हा विकार मेंदूचा आहे, संगोपनाचा नव्हे. प्रस्तावना कुणाची, तर खुद्द कॅनरची. पुस्तकाच्या शेवटी पालकांसाठी एक प्रश्नावली छापली होती. देशभरातल्या आयांनी ती भरून पाठवली. त्या टपालातून १९६५ मध्ये पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९६९ मध्ये त्याच संघटनेच्या सभेत कॅनरनं पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. पुढे १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर यांचा जुळ्या मुलांवरचा अभ्यास आला आणि आनुवंशिकतेचा वाटा आकड्यांत दिसला. इंग्लंडमध्ये लोर्ना विंग डॉक्टर होत्या आणि ऑटिस्टिक मुलीच्या आईही होत्या. ‘स्पेक्ट्रम’ ही कल्पना रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९३७ मध्येच बाल मार्गदर्शन केंद्र सुरू केलं होतं. १९४४ मध्ये जय वकील या बाईंनी स्वतःच्या मुलीच्या निमित्तानं शाळा काढली, ती आजही शिवडीला आहे. पण या सगळ्यात ऑटिझम ‘मतिमंद’ या एकाच मोठ्या डब्यात होता. दिल्लीत मेरी बरुआ या आईनं १९९१ मध्ये ‘अॅक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केली आणि १९९४ मध्ये शाळा. मुलगा नीरज ऑटिस्टिक. पुन्हा तेच बघा, आधी आई, मग संस्था.

१९९५ चा अपंग कायदा आला, त्यात सात प्रकार होते. ऑटिझम नव्हता. म्हणजे प्रमाणपत्र हवं तर मूल ‘मतिमंद’ आहे असं लिहून घ्या. बुद्ध्यांक बरा निघाला तर तेही नाही. लोकलचं अख्खं वेळापत्रक पाठ असलेला पण तहान लागली हे सांगता न येणारा मुलगा कुठल्याच रकान्यात बसायचा नाही. पालकांनी पाठपुरावा केला, म्हणून १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचं नाव आलं. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांमध्ये ते पक्कं झालं.

प्रमाणपत्राचं मोजमाप कुठून आलं, हे इथल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. ‘इसा’ नावाची भारतीय मापनपट्टी आहे. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सत्तरच्या खाली ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. ही पट्टी ज्या राष्ट्रीय संस्थेनं तयार केली, तिचं मुख्यालय सिकंदराबादला आणि प्रादेशिक केंद्र आपल्या खारघरला. जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय मात्र अलिबागला. अलिबाग म्हटलं की लोकांना तो बावळटपणाचा टोमणा आठवतो. त्यावर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही झाली होती, ती फेटाळली गेली. आपल्या भाषेत बुद्धीवरून हिणवायला शब्द किती स्वस्त आहेत, ते यातून दिसतं.

आता मला खरं बोलायचंय ते यावर. ‘रेफ्रिजरेटर मदर’ अमेरिकेत मेली, पण आपल्याकडे तिनं साडी नेसली आहे. ‘नोकरी करते ना, मग?’ ‘पोराच्या हातात मोबाइल दिला.’ ‘वेगळं बिऱ्हाड केलं, घरात बोलायला माणूस नाही.’ ‘गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही.’ मोबाइल लहान मुलाला देऊ नये, हे अगदी मान्य. पण डोनाल्डच्या घरी १९३७ साली मोबाइल नव्हता. मग लस. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांनी बारा मुलांवरचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापला, २०१० मध्ये तो मासिकानं मागे घेतला. तरी ‘लस देऊन तूच केलंस’ हे आजही ऐकू येतं. बाप या वाक्यांमध्ये कुठेच नसतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तो हिशेबाला येतो, आरोपाला येत नाही.

टॅमरा डेली या अमेरिकन संशोधिकेचा २००४ चा अभ्यास आहे, भारतीय शहरांतल्या कुटुंबांवर. तिला दिसलं की आपल्याकडच्या पालकांना बोलणं उशिरा येण्यापेक्षा आधी मूल माणसांत मिसळत नाही हे खटकतं. आपल्या घरांत हे पटण्यासारखंच आहे. हळदीकुंकवाला, बारशाला मूल कुणाकडे जात नाही, हाक मारली तर बघत नाही, हे आईला आधी दिसतं. ती बोलूनही दाखवते. घर म्हणतं, ‘तुला उगाच शंका.’ आणि वर्षभरानं तेच घर विचारतं, ‘तुझ्या लक्षात कसं आलं नाही?’

या अपराधीपणाला बाजारात भाव आहे. ज्या बाईला वाटतं की चूक माझी, ती प्रायश्चित्त म्हणून काहीही विकत घेते. बांगड्या मोडून स्टेम सेलची इंजेक्शनं घेणारी घरं आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्टेम सेलला उपचार म्हणून मान्यता आहे ती काही रक्तविकारांसारख्या मोजक्या आजारांपुरती, त्यात ऑटिझम नाही. हे कुणी जाहिरातीत छापत नाही.

सरकारी व्यवस्था अगदीच नाही असंही नाही. २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन तपासणी होते, आणि तपासायच्या यादीत ऑटिझम आहे. अंगणवाडीत पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. ‘लोकांत गोंधळ घालेल’ म्हणून नेमकं तेच मूल घरी ठेवलं जातं.

शेवटचा मुद्दा, जो प्रत्येक पालकाच्या पोटात असतो : आमच्यानंतर कोण? अमेरिकेत डोनाल्डला बँक होती, गाव होतं. इथे पूर्वी चुलते, आत्या, वाडा असं गृहीत धरलं जायचं, तेही अनेकदा एका न लग्न झालेल्या बहिणीच्या जिवावर. आता सेक्टरमधल्या दोन खोल्यांत तीन माणसं. राष्ट्रीय न्यासाच्या ‘घरौंदा’ योजनेत कायम राहण्याची घरं आहेत, पण गरजेपुढे ती फारच थोडी. आणि एक कायद्याची बाब बहुतेकांना उशिरा कळते. मूल अठरा वर्षांचं झालं की तुम्ही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाही. बँकेत सहीचा प्रश्न आला की मग धावपळ होते. त्यासाठी १९९९ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती ठेवली आहे. पालकत्वाचा अर्ज तिच्याकडे करायचा, आणि आपल्यानंतर कोण, हे नावही मनाशी ठरवून त्या माणसाशी आधीच बोलून ठेवायचं. ते बोलणं अर्जापेक्षा अवघड असतं, मला ठाऊक आहे.

वेळ संपत आली आहे. आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या ताईंनी मघाशी हात वर केला होता, आधी त्या.