डिंडोलीतील पहिली मोटारसायकल: आधी हात बसावा, मग गाडी सजावी

मोटारसायकलचे पुढचे मडगार्ड पिवळे दिसले की ती ‘पायलटा’ची गाडी, हे गोव्यात लहान मूलही सांगेल. हा रंग हौसेने दिलेला नसतो. भाड्याने प्रवासी नेणारी दुचाकी गर्दीत दुरून ओळखू यावी, म्हणून तो असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीत बदल करावा का, आणि करावा तर कोणता, या प्रश्नावर हे पिवळे मडगार्ड बरेच काही सांगून जाते. असेच दुसरे उदाहरण गोव्याबाहेरच्या एका मराठी वस्तीत सापडते. गुजरातमधील सूरत शहराच्या डिंडोली भागात जानेवारी जवळ आला की दुचाकींच्या हँडलवर, चालकाच्या गळ्यासमोर, धातूच्या बारीक सळईची एक कमान उभी राहते. तिच्याकडे पुढे येऊच. आधी ही वस्ती आणि तिथे पहिली गाडी घेणारा तरुण यांची ओळख करून घेऊ.

डिंडोली, उधना आणि लिंबायत हा सूरतचा आग्नेयेकडील पट्टा. उधना–जळगाव लोहमार्गाने जोडलेल्या खान्देशातून, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून, आलेली हजारो कुटुंबे गेल्या काही पिढ्यांत येथे स्थिरावली. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती अशी येथील मुलांची रोजची भाषिक ये-जा असते. सूरत महापालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळा या पट्ट्यात आहेत. घरातील कर्ते पुरुष बहुधा कापड व्यवसायात असतात. यंत्रमागाच्या कारखान्याला सूरतकडे ‘खाते’ म्हणतात. खात्यावर बारा तासांची पाळी, नाहीतर रिंग रोडच्या कापड बाजारात हिशेब, पॅकिंग किंवा मालाची ने-आण. पांडेसरा आणि सचिन येथील औद्योगिक वसाहतींत जाणारेही पुष्कळ. पाळी सुटण्याच्या वेळी बस मिळेलच याची खात्री नसते. त्यामुळे पहिली मोटारसायकल ही या घरांत चैनीची वस्तू ठरत नाही. ती कमाईचे साधन असते आणि बहुधा हप्त्याने घेतलेली असते. ती शिकताना पडली, मोडली किंवा पोलिसांनी अडकवली, तर घराचे महिन्याचे गणित विस्कटते.

तरीही अठराव्या वर्षी गाडी हाती आल्यावर मुलाला सर्वप्रथम काय सुचते? सायलेन्सर बदलणे, हँडल आखूड करणे, आरसे काढून टाकणे, निळसर पांढरे दिवे बसवणे आणि क्रमांकाच्या पाटीवर आकडे वळवून ‘दादा’ किंवा ‘राम’ वाचता येईल अशी कलाकुसर करणे. गोव्यातही चित्र फारसे वेगळे नाही. या हौसेची टिंगल करण्यात अर्थ नाही, कारण स्वतःच्या पहिल्या वस्तूवर आपली खूण उमटवावी असे कुणालाही वाटते. प्रश्न क्रमाचा आहे. ज्याला गाडीची मूळ चाल अजून कळलेली नाही, त्याने ती चालच बदलून टाकली, तर शिकायचे काय?

शिकण्याचा पहिला टप्पा कागदाचा. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार गिअरच्या मोटारसायकलसाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना केवळ ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरता असतो, तोही पालकांच्या संमतीने. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. गुजरातमध्ये २०१९ पासून शिकाऊ परवान्याची परीक्षा आयटीआयमध्येही होऊ लागली, त्यामुळे दूरच्या आरटीओ कार्यालयातील एक खेप वाचली. शिकाऊ परवाना असताना गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हे अक्षर लावावे लागते. शिकवणाऱ्या परवानाधारकाशिवाय दुसऱ्या कुणालाही मागे बसवता येत नाही. मित्राला मागे घेऊन शिकण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती त्या मित्राकडे परवाना नसेल तर बेकायदाच. विनापरवाना चालवल्यास केंद्रीय कायद्यात पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. चालवणारा अल्पवयीन असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवानाही मिळत नाही. ज्याला पुढे चालक म्हणूनच नोकरी धरायची आहे, त्याच्यासाठी ही शिक्षा दंडापेक्षा जड आहे.

दुसरा टप्पा रस्त्याचा. रविवारी पहाटे, रहदारी सुरू होण्याआधी, डिंडोली–खरवासा रस्त्याच्या बाजूला किंवा नव्या वसाहतींच्या मोकळ्या अंतर्गत रस्त्यांवर सराव करावा. पहिल्या दिवशी रेस द्यायचीच नाही. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकावा आणि क्लच इतका हळू सोडावा की गाडी कोणत्या क्षणी ओढ घेते, हे हाताला कळेल. तो क्षण दहा-वीस वेळा सापडला की बंद पडण्याची भीती जाते. गिअरची रचनाही आधी विचारून घ्यावी, कारण काही गाड्यांत सारे गिअर एकाच दिशेने पडतात, तर काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर असतात. आजोबांच्या काळी तर यापेक्षा मोठी गंमत होती. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. जावा आणि येझ्दीची किक हाच गिअरचा दांडा असे. अशी जुनी गाडी नव्या हाताला शिकण्यासाठी देऊ नये, मग ती घरात कितीही प्रेमाने जपलेली असो.

नवशिक्याचा सर्वांत घातक गैरसमज पुढच्या ब्रेकविषयी असतो. ‘पुढचा ब्रेक दाबलास तर उलटा पडशील’ हे वाक्य प्रत्येक गल्लीत ऐकू येते. वस्तुतः ब्रेक लावताच गाडीचा आणि चालकाचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याची बरीचशी ताकद तेथेच असते. एकटा मागचा ब्रेक जोरात दाबला, तर मागचे चाक अडकून घसरते. हँडल सरळ ठेवून, आधी हलका आणि मग वाढता दाब देत, दोन्ही ब्रेक एकत्र लावण्याचा सराव वीस-पंचवीस किलोमीटरच्या वेगावर रोज करावा. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा बंधनकारक आहे. त्याखालच्या गाड्यांत एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागेल अशी जोडणी किमान असावी लागते. वळणावर वाळू, खडी किंवा पावसाचे पहिले तेलकट पाणी असेल, तर वेग वळणाआधीच कमी करायचा. गोव्यात जांभ्या मातीची बारीक खडी नेमकी हाच घात करते.

चाचणीत इंग्रजी आठच्या आकाराच्या मार्गावरून पाय न टेकता जावे लागते. बहुतेक मुले येथे नापास होतात, कारण नजर पुढच्या चाकाजवळच्या जमिनीवर असते. जिथे पोहोचायचे तिथे मान वळवून पाहावे. हाफ क्लच ठेवून मागचा ब्रेक किंचित दाबून धरावा. गाडी त्या नजरेमागे येते.

हे सारे मूळ स्थितीतल्या गाडीवर शिकावे, असे आग्रहाने सांगण्यामागे कारण आहे. हँडल आखूड केले की वळवण्यास लागणारा जोर बदलतो, मनगटावर भार येतो आणि केबल ताणली जाते. रुंद टायर बसवला की गाडी वळणात उशिरा झुकते. निदान पहिले तीन-चार महिने तरी गाडीला हात लावायचा असेल, तर तो कंपनीनेच दिलेल्या सोयींना लावावा. क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांचा कोन मनगट सरळ राहील असा करता येतो. ब्रेकचे पायडल पायाच्या उंचीला जुळवता येते. आरशात स्वतःचा खांदा न दिसता मागची लेन दिसली पाहिजे. मागच्या शॉकअपला बहुतेक गाड्यांत कमी-जास्त कडकपणाच्या खाचा असतात; एकट्यासाठी एक आणि ओझ्यासाठी दुसरी. सूरतेत या शेवटच्या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. कापडाचे ताके मोटारसायकलवर पुढे-मागे रचून नेणे हे तिथले रोजचे दृश्य. अशा ओझ्याने पुढचे चाक हलके पडते आणि ब्रेकचे अंतर वाढते. खाच न बदलणारा, टायरमधली हवा न तपासणारा नवशिक्या पहिल्याच खेपेत गोंधळतो. खरे तर हँडल आणि पोट यांच्यामध्ये ताका ठेवून जुन्या चालकानेही जाऊ नये, पण पोटाची निकड हा सल्ला ऐकत नाही.

आता कायद्याची रेघ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांहून वेगळे होतील, असा बदल करता येत नाही. केरळमधून आलेल्या के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. रंग बदलता येतो, मात्र त्याची नोंद आरटीओत करून घ्यावी लागते. बेकायदा बदलासाठी मालकाला, प्रत्येक बदलामागे, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. सायलेन्सरचे प्रकरण याहून गंभीर. ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आहे. शिवाय बीएस-सहा गाड्यांत धूर शुद्ध करणारे उपकरण त्याच नळकांड्यात असते, त्यामुळे ते काढले की आवाज आणि प्रदूषण हे दोन्ही गुन्हे एकदम घडतात. पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना निलंबन होऊ शकते. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडून दाखवले आहेत.

दंडाहून मोठा धोका विम्याचा. कंपनीला न कळवता केलेल्या बदलामुळे अपघातानंतर स्वतःच्या गाडीची भरपाई नाकारली जाऊ शकते. मालक-चालकाच्या पंधरा लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्यालाही वैध परवाना ही अट आहे. हप्ता मात्र बँक सोडत नाही.

उलट बाजूला, लावलेच पाहिजेत अशा वस्तूंकडे दुर्लक्ष होते. मागे बसणाऱ्यासाठी पकड, पायठेवणी आणि साडी किंवा ओढणी चाकात जाऊ न देणारी जाळी यांची सक्ती नियमांतच आहे. ‘दिसायला बरी नाही’ म्हणून ही जाळी काढणाऱ्याने आपल्या मागे आई किंवा बहीणच बसणार आहे, एवढे लक्षात घ्यावे.

आणि आता ती सळईची कमान. सूरतेत उत्तरायणाचा पतंगोत्सव १४ जानेवारीच्या कितीतरी आधी सुरू होतो. डबगरवाडसारख्या भागांत दोरा रंगवण्याची लगबग असते. काचेचा थर दिलेला मांजा किंवा नायलॉनचा दोरा तुटून रस्त्यावर आडवा लोंबतो. पायी चालणाऱ्याला तो बाजूला सारता येतो. चाळीसच्या वेगाने येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो दिसतच नाही आणि थेट गळा कापतो. उड्डाणपुलांवर धोका अधिक, कारण तिथे रस्ता भोवतालच्या गच्च्यांच्या उंचीला येतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातोच. म्हणून हँडलच्या दोन टोकांना बसवून गळ्यासमोर वर उचललेली ही कमान. दोरा तिच्यावर अडतो आणि डोक्यावरून सरकून जातो. ती स्वस्त असते, पाच मिनिटांत बसते आणि नोंदणीतील एकाही तपशिलाला धक्का लावत नाही. उत्तरायणाच्या दोन दिवसांत पोलिसांनी उड्डाणपुलांवर दुचाकींना मनाई केली, तरी असे गार्ड लावलेल्या गाड्यांना सवलत देण्याची पद्धत सूरतेत आहे. बसवताना कमान सैल राहू नये आणि पूर्ण वळवलेल्या हँडलला अडू नये, एवढे पाहावे. गळ्याभोवती जाड कापडही गुंडाळावे.

हेल्मेटविषयी गुजरातमध्ये धोरण डळमळले होते. डिसेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारने शहरी हद्दीत ते ऐच्छिक केले आणि नंतर ती सवलत मागे घ्यावी लागली. सूरतेत फेब्रुवारी २०२५ पासून कॅमेऱ्यांच्या साहाय्याने कडक अंमलबजावणी सुरू झाली. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के होते. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९, आणि त्यांपैकी चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले होते. तेव्हा सायलेन्सरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून आयएसआय शिक्क्याची दोन हेल्मेटे घ्यावीत आणि हनुवटीखालचा पट्टा आवळावा. चार वर्षांखालील मूल बरोबर असेल, तर त्याला हेल्मेट आणि चालकाशी जोडणारा पट्टा हवा, आणि वेग चाळीसच्या आत.

गाडी घेतल्यावर डिंडोलीच्या मुलाला ओढ लागते ती गावाची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात घरोघरी लेकी माहेरी येतात आणि नवी गाडी दारात उभी करण्याचा मानही तेव्हाच. सूरत–धुळे महामार्गावर नवापूरच्या पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो, मालट्रकांची रांग असते आणि एप्रिल-मेचे ऊन डांबर वितळवते. परवाना पक्का झाल्यावर, गाडीची पहिली सर्व्हिस उरकल्यावर आणि शहरात काही महिने रोज चालवून झाल्यावरच हा प्रवास करावा. त्याआधी गाव गाठायला उधन्याहून रेल्वे आहेच. निघण्याच्या आदल्या दिवशी साखळीचा ताण आणि तेल पाहावे, टायरची हवा ओझ्याप्रमाणे भरावी. पहाटे निघून दर तासाला थांबावे. घाट उतरताना क्लच दाबून गाडी सोडून देऊ नये. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनालाच वेग धरू द्यावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. आणि ट्रकच्या मागे असताना त्याचा आरसा दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नसतो.