‘वय झालं’ म्हणण्याआधी

हा फोन स्थिर धरा आणि ही ओळ वाचताना ‘नाही नाही’ म्हणतो तशी मान भराभर हलवा. अक्षरं वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून फोन त्याच वेगानं हलवा. अक्षरांचा नुसता चिखल. ही करामत आतल्या कानाची. डोकं उजवीकडे वळलं की तिथल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव मागे रेंगाळतो आणि त्या इशाऱ्यावर डोळे तितकेच डावीकडे सरकतात. वेळ लागतो सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात रॉबर्ट बारानी हे तरुण डॉक्टर रुग्णांचे कान पिचकारीनं धुवायचे. रुग्णांना गरगरायचं आणि त्यांची बुबुळं झटके देत एका बाजूला पळायची. एक रुग्ण म्हणाला, पाणी पुरेसं गरम नसलं तरच मला चक्कर येते. बारानींनी पुढच्या खेपेला ते चांगलंच गरम केलं. चक्कर आलीच, पण डोळे उलट्या दिशेनं पळाले! बंबात तापलेलं पाणी वर चढतं, तसंच कानातल्या द्रवाचं होत असणार, हे त्यांनी ताडलं. १९१४चं नोबेल जाहीर झालं तेव्हा ते रशियनांचे युद्धकैदी होते. (१९८३मध्ये अंतराळात, जिथे तापलेला द्रव वर चढतच नाही, तिथेही डोळे पळाले, म्हणजे बंबाचं स्पष्टीकरण अपुरं होतं. चाचणी मात्र टिकली.)

१९४२मध्ये लंडनमध्ये फिट्झजेराल्ड आणि हॉलपाइक यांनी तिला शिस्त लावली. पाणी ३० आणि ४४ अंशांचं, म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षा सात अंश कमी आणि सात जास्त. मग उजव्या-डाव्या कानाची तुलना करायची. पद्धत हुशारीची, पण वय नेमकं तिच्यातून निसटतं. दोन्ही कान सारखेच झिजले असतील तर फरक शून्यच येणार.

आणि झीज होतेच. १९७३मध्ये स्वीडनच्या उल्फ रोझेनहॉल यांनी मृतांच्या आतल्या कानातल्या केसपेशी मोजल्या. सत्तरीपुढच्या माणसांच्या नलिकांमध्ये त्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरल्या. मग डोळ्यांचा प्रतिसादही तेवढाच घटायला हवा ना? तसं होत नाही. पाण्याच्या चाचणीत काही अभ्यासांना तो मध्यमवयापर्यंत उलट वाढताना दिसला. लहान मेंदूचा लगाम सैल होतो, असं त्याचं एक कारण सांगतात. १९८८मध्ये हल्माग्यी आणि कर्थॉइस यांनी सिडनीत मानेला झटका देऊन डोळे पाहण्याची चाचणी मांडली. पुढे ती कॅमेऱ्यावर मोजली गेली, तेव्हा निरोगी माणसांत हा प्रतिक्षेप सत्तरीपर्यंत बऱ्यापैकी शाबूत आढळला.

त्यामुळे पासष्टीच्या बाईंची ही चाचणी बिघडली असेल, तर ‘वय झालं’ हे उत्तर मला आळशीपणाचं वाटतं. उलट चूकही होते. हलता ठिपका नजरेनं सावकाश पकडत राहणं वयानं खरोखरच अडखळतं; तिथे तिशीचा मापदंड लावला तर धडधाकट आजोबा आजारी ठरतात.

आणि अंथरुणात कूस बदलताना खोली फिरते, ती तक्रार? १९२१मध्ये बारानींनीच तिचं वर्णन केलं होतं, तेही २७ वर्षांच्या तरुणीचं. बहुतेकदा कानातले सूक्ष्म स्फटिक जागा सोडून नलिकेत शिरलेले असतात. म्हातारपणी हे जास्त होतं, पण जाणकार डॉक्टर डोकं ठरावीक क्रमानं वळवून काही मिनिटांत ते पुन्हा जागी आणू शकतात.