उंबरठा कोणाच्या नावाचा?

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्याच, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. मी काही लेखिका नव्हे. परंतु मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत राहण्याचा योग आला. तेथे पाहिलेली, व मागाहून वाचून समजून घेतलेली, एक हकीकत भगिनींपुढे ठेवावी असे वाटले.

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उंच उंच इमारती येतात. मुलगी राहते ती कॅलिफोर्नियातील टुलेअरी काउंटी अगदी निराळी. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. संत्र्यांच्या बागा, द्राक्षांचे मळे आणि दुभत्या गाईंचे प्रचंड गोठे. किराणा आणायचा तरी मोटारीवाचून गत्यंतर नाही. पहाटे फळे तोडायला निघालेले मजूर पाहिले की आपल्याकडील ऊसतोडणीची आठवण होई.

शेजारच्या एका वृद्ध बाई मूळच्या मेक्सिकोकडील. मुलगी दुभाषी होऊन आम्हां दोघींचे बोलणे घडवून आणी. एकदा त्या म्हणाल्या, "हे घर आम्ही दहा कुटुंबांनी मिळून बांधले. दिवसा शेतात, आणि संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी येथे हातोडी घेऊन. दहाही घरे पुरी होईपर्यंत कोणीच राहायला जायचे नाही, असा नियम होता." पैसा सरकारी कर्जाचा आणि श्रम स्वतःचे. या श्रमाची किंमत धरली जाते, म्हणून कर्ज तेवढे कमी लागते. ही पद्धत 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत याच काउंटीतील गोशेन गावी, क्वेकर पंथीयांच्या सेवासंस्थेच्या खटपटीने रुजली.

पण हे कर्ज मुळात त्यांच्यासारख्यांसाठी नव्हतेच! 1949 साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या कारकिर्दीत गृहनिर्माणाचा कायदा झाला. प्रत्येक अमेरिकन कुटुंबाला चांगले घर मिळावे, हे त्याचे ध्येय. ग्रामीण घरांसाठी कर्ज देण्याचे काम शेतकी खात्याकडे आले. परंतु कर्ज मिळे ते शेताच्या मालकाला. ज्याच्या नावे जमीन नाही, त्याने मागावे तरी कशाच्या आधारावर? 1961 साली कायदा बदलला आणि शेत नसलेल्या खेडुतांनाही दार उघडले. 1968 साली गरिबांसाठी व्याजाचा भार शेकडा 1 पर्यंत उतरविण्याची सोय झाली. 1990 च्या कायद्याने बँकांनी दिलेल्या ग्रामीण गृहकर्जास सरकारी हमी मिळू लागली.

पात्रतेचे नियम मोठे गमतीचे आहेत. गाव 'ग्रामीण' ठरले पाहिजे आणि मिळकत ठरावीक मर्यादेच्या आत हवी. सरकार स्वतः देते त्या कर्जासाठी तर दुसरीकडे वाजवी अटींवर कर्ज मिळत नसावे, पण फेडण्याची ऐपत मात्र असावी! फेडीची मुदत साधारण 33 वर्षे. सुरुवातीला पदरचे पैसे घालण्याची सहसा गरज नाही.

त्याच देशात बायकोची कमाई कर्जासाठी पुरती न धरण्याची बँकांत सर्रास चाल होती. 1974 साली कर्जाच्या बाबतीत स्त्री-पुरुष व विवाहित-अविवाहित असा भेद करण्यास कायद्याने बंदी झाली. श्रीमंत राष्ट्रातही ही पायरी एवढ्या उशिरा आली, हे वाचून मला आईची आठवण झाली.

1969 साली वडील वारले. मी तेव्हा नऊ वर्षांची. पावसात माजघराची भिंत खचली, म्हणून आई कर्जासाठी एका कचेरीत गेली. "घर दिरांच्या नावावर, बाई. तुम्हांला कर्ज कसे द्यायचे?" एवढ्या एका वाक्यात तिची बोळवण झाली. पंधरा वर्षे ज्या घराची जमीन तिने सारवली, त्या घरात कागदोपत्री ती कोणीच नव्हती. तो पावसाळा आम्ही भावंडांनी गोठ्यात काढला. आईने त्याबद्दल पुढे कधी चकार शब्द काढला नाही. पण शिलाईच्या पैशांतून तिने घेतलेली दीड गुंठा जागा स्वतःच्या नावावर करून घेतली, आणि तो उतारा देवघरात ठेवला.

आपल्याकडेही 1985 साली इंदिरा आवास योजना आली आणि 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात चालू आहे. त्यांतील घर पत्नीच्या अथवा दोघांच्या नावे करण्याचे धोरण आहे. परंतु जुन्या, वाडवडिलांच्या घरांचे काय?

म्हणून मंडळाला माझी एकच सूचना आहे. पुढच्या सभेला प्रत्येकीने आपल्या घराचा उतारा घेऊन यावे. मोठ्याने वाचावा. ज्यांचे नाव नसेल त्यांनी संकोच करू नये. शेजारच्या त्या बाई नियम सांगत होत्या, तो आपणही पाळू या. सगळ्यांची नावे लागेपर्यंत हे काम संपले, असे कोणी म्हणायचे नाही.