धडाच्या व्यायामाची कुळकथा

फुटबॉलपटूंच्या सरावात ज्याला कोअर ट्रेनिंग म्हणतात, तो पोट, पाठ, कंबर आणि नितंबांच्या स्नायूंचा व्यायाम. प्लँक, साइड प्लँक, ब्रिज ही त्याची नेहमीची रूपे. पायाची दुखापत टळावी म्हणून आधी धड तयार करायचे, हा विचार गेल्या तीसेक वर्षांतला. धड घडवण्याची हौस मात्र त्याहून बरीच जुनी, आणि तिचे एक ठळक घर कोलकात्यात आहे.

परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ बिष्णुचरण घोष यांनी 1923 साली कोलकात्यात व्यायामाचे महाविद्यालय काढले. आसने, वजने आणि मसल कंट्रोल यांची तिथे सांगड घातलेली होती. मसल कंट्रोल म्हणजे एकेक स्नायू वेगळा काढून आवळायचा आणि सैल सोडायचा. पोटापुरते बोलायचे तर ही नौलीच. श्वास पूर्ण सोडून पोट आत ओढायचे, मग मधला उभा स्नायू तेवढा पुढे आणायचा. 1930 मध्ये घोषांनी केशवचंद्र सेनगुप्त यांच्यासह या विषयावर इंग्रजीत पुस्तकही लिहिले.

लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापणारे स्वामी कुवलयानंद त्याच सुमारास नौलीकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहत होते. 1924 साली त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून दाखवले, की नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. या पोकळीला त्यांनी आपले गुरू माधवदासजी यांचे नाव दिले. माधवदासजी मूळचे बंगालचेच.

इथे एक गल्लत टाळायला हवी. नौलीत पोटातला दाब घटतो. धडाच्या आजच्या व्यायामात पोट चहूबाजूंनी आवळून दाब वाढवतात आणि कणा जागच्या जागी धरतात. त्यामुळे प्लँक नौलीतून जन्मला असे म्हणता येत नाही. पण पोटाचे स्नायू हुकमी चालवता येतात आणि त्याचा परिणाम मोजताही येतो, हे त्या पिढीने दाखवून दिले. कुवलयानंदांची ती मोजमापे मला आजही या कुळकथेतला सर्वांत विलक्षण भाग वाटतात.

व्यायामामागचे कारण सापडले ते कण्याच्या अभ्यासात. मूळचे भारतीय असलेले अभियंते मनोहर पंजाबी अमेरिकेत येल विद्यापीठात कण्यावर संशोधन करत. स्नायू काढून फक्त हाडे, चकत्या आणि अस्थिबंध ठेवलेला कमरेचा कणा किती भार पेलतो, हे त्यांनी सहकाऱ्यांसह तपासले. उत्तर आले 88 न्यूटन, म्हणजे जेमतेम 9 किलो. त्यापुढे तो वाकून कोसळतो. माणसाचे नुसते वरचे धडच याच्या कितीतरी पट जड असते. म्हणजे कण्याला उभे ठेवतात ते स्नायू, आणि स्नायूंना वेळेवर हुकूम देणारी मज्जासंस्था. 1992 मध्ये पंजाबींनी हा तिपेडी विचार मांडला. 1996 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हॉजेस आणि रिचर्डसन यांनी त्याला पुस्ती जोडली. निरोगी माणूस हात उचलतो, तेव्हा पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू हाताच्याही आधी आवळतो. कंबरदुखी असलेल्यांत त्याला उशीर होतो.

मग गुडघ्याचा संबंध काय? तेही येलमध्येच तपासले गेले. महाविद्यालयीन खेळाडूंचे धड दोरीने ओढून धरायचे, दोरी एकाएकी सोडायची आणि धड किती हेलकावते ते मोजायचे. अशा 277 खेळाडूंवर तीन वर्षे लक्ष ठेवले. ज्यांचे धड जास्त हलले होते, त्यांच्यात गुडघ्याच्या दुखापती अधिक निघाल्या. हा निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाला.

इनडोअर फुटबॉलला हे नेमके लागू पडते. 1930 साली माँटेव्हिडिओत हुआन कार्लोस सेरियानी यांनी मांडलेला फुटसाल सुमारे 40 बाय 20 मीटरच्या टणक जमिनीवर, पाच-पाच जणांत खेळतात. धाव छोटी, थांबणे आणि वळणे सतत. 2000, 2004 आणि 2008 च्या विश्वचषकांतल्या 127 सामन्यांत 165 दुखापती नोंदल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे 70 टक्के पायांच्या होत्या. कोलकात्यातही या खेळाने मूळ धरले आहे. 2021 च्या पहिल्या राष्ट्रीय फुटसाल क्लब स्पर्धेत मोहम्मेडन स्पोर्टिंगने अंतिम फेरी गाठली. तिथे दिल्ली एफसीने त्यांना 7-2 असे हरवले.

प्रयोगशाळेतले ज्ञान मैदानावर आणले फिफाने. 2003 मध्ये ‘द 11’ आणि 2006 मध्ये सुधारलेला ‘11+’ हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप तयार झाला. त्यातल्या प्लँकच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत कोपरे खांद्यांच्या बरोबर खाली ठेवून अंग सरळ रेषेत 20 ते 30 सेकंद धरायचे. दुसरीत पाय आळीपाळीने उचलायचे. तिसरीत एक पाय उचलून तसाच धरायचा. कंबर लचकली किंवा खाली झुकली, की वरची पायरी सोडून खालच्या पायरीवर यायचे.

नॉर्वेच्या 125 क्लबांतल्या 13 ते 17 वर्षांच्या मुलींवर झालेल्या 11+ च्या चाचणीचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या, गंभीर दुखापती तर जवळपास निम्म्यावर आल्या. हे श्रेय धावणे, उड्या, तोल आणि धड अशा सगळ्या 15 व्यायामांचे मिळून आहे. त्यामुळे प्रशिक्षकांनी एकट्या प्लँकवर भागवू नये. पूर्ण वीस मिनिटे द्यावीत, आणि तीही आठवड्यातून किमान दोनदा.