भाग ३२: वरण एकदाच शिजतं, पोळी मात्र एकेक लाटावी लागते

गेल्या काही भागांनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला, फक्त शब्द वेगळे होते. ऑफिस, लोकल, पोरांची शाळा हे सगळं सांभाळून घरात सगळ्यांना रोज ताजं, पौष्टिक आणि खिशाला परवडणारं जेवण द्यायचं कसं? या प्रश्नाला यूट्यूबवर हजार उत्तरं आहेत. रविवारी भाज्या चिरून ठेवा, ग्रेव्ही फ्रीझ करा, एअर फ्रायर घ्या वगैरे. पण मी पडलो इतिहासाच्या नादी लागलेला कोडिंगवाला. मला वेगळाच प्रश्न पडला. हा त्रास आपल्या पिढीचाच आहे का? फ्रीज नव्हता, कुकर नव्हता, गॅस नव्हता आणि कामाचे तास आपल्यापेक्षा जास्त होते, तेव्हा लोक जेवत कसे होते?

तर आज आपण जायचंय मुंबईला. गिरणगावात. लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, भायखळा, काळाचौकी.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत गिरण्यांची रांगच लागली. कामगार आले कोकणातून आणि घाटावरून, म्हणजे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतून. बरेचसे पुरुष एकटेच आले. बायको गावी राहिली, कारण शेती, म्हातारे आईवडील, पोरं तिकडे होती आणि मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीचं भाडंसुद्धा एकट्याला झेपत नव्हतं.

आता कामाचे तास बघा. १९११च्या फॅक्टरी कायद्यानं कापड गिरणीतल्या पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. मर्यादा, म्हणजे त्याआधी यापेक्षाही जास्त चालायचं! १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास झाले, १९३४ मध्ये ५४, आणि १९४६ मध्ये ४८. आपण 'वर्क लाइफ बॅलन्स'वर स्टेटस टाकतो. या माणसाला बारा तास साच्यावर उभं राहून खोलीवर यायचं होतं, आणि त्या खोलीत त्याच्यासारखे अजून दहा-पंधरा जण. एक पाळी कामावर, दुसरी झोपलेली. तिथे चूल मांडणार कोण आणि कधी?

उत्तर होतं खानावळ.

खानावळ म्हटलं की आपल्याला हॉटेलची पाटी दिसते. गिरणगावातली खानावळ म्हणजे चाळीतलीच एक खोली. त्यात एक बाई, तिची पोरं, एक शेगडी नाहीतर स्टोव्ह, आणि दोन वेळ जेवणारे पंधरा-वीस गडी. कोकणातल्याला भात आणि मासळी हवी, घाटावरच्याला भाकरी. पैसे रोजचे नाहीत, महिन्याचे. गिरणीचा पगार झाला की खानावळीचा हिशोब. मध्ये कोणी गावी गेला, तर तेवढे खाडे धरायचे आणि पैसे कापायचे. हा 'खाडा' शब्द लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

त्याच काळात मुंबईत दुसरीही एक सोय होती. साधारण १८९० पासूनचे डबेवाले. पण फरक बघा. डबा त्याला मिळायचा, ज्याच्या घरी सकाळी उठून डबा करणारी बाई होती. ज्याची बाई गावी होती, त्याला खानावळ. दोन्हीकडे बाप्याचं वेळापत्रक सांभाळलं जायचं ते एका बाईच्या वेळापत्रकावर.

या बाया आल्या कुठून? काही गिरणी कामगारांच्याच बायका होत्या, काही विधवा, काही टाकलेल्या. आणि काही गिरणीतून बाहेर पडलेल्या. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती, मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत. पुढे यंत्रं बदलली, माणसं कमी केली गेली. बायकांना रात्रपाळीला बंदी होतीच, १९२९ मध्ये बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला आणि मालकांना बाई कामगार महाग वाटायला लागली. त्यांची संख्या घटत गेली. गिरणीत हाताला काम नाही म्हटल्यावर जे काम बाईला येतंच असं सगळे गृहीत धरतात, तेच तिने विकायला काढलं.

मग जेवण पौष्टिक होतं का? इथे मला एक गोष्ट वाचून धक्का बसला. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं १९२१-२२ मध्ये कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली होती. कमाईतला निम्म्याहून जास्त पैसा अन्नावर जात होता. आणि त्या सरकारी अहवालातच म्हटलं होतं की कामगाराच्या पोटात जाणारं धान्य दुष्काळी कामांवरच्या जास्तीत जास्त शिध्याएवढं भरतं, पण तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जेवढं द्यायचं ठरवलंय, त्याहून कमी पडतं. म्हणजे दिवसभर गिरणीत राबणाऱ्या माणसापेक्षा कैद्याचं ताट कागदावर तरी बरं होतं. त्यामुळे 'जुन्या लोकांचं खाणं कसं सकस होतं' असं कोणी म्हणालं की मी हा अहवाल काढतो.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही 'बॅचिंग' म्हणतो. एकेक काम सुटं करण्यापेक्षा शंभर कामं एकदम केली की वेळ वाचतो. खानावळ हे बॅचिंगच होतं. चार माणसांचं वरण शिजायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढ्यातच वीस माणसांचं शिजतं. पातेलं मोठं हवं, रॉकेल थोडं जास्त. म्हणून वीस जणांनी वीस स्टोव्ह पेटवण्यापेक्षा एकीनं सगळ्यांचं करणं स्वस्त पडायचं.

पण पोळी-भाकरीला हे गणित लागू होत नाही. वीस गडी, दोन वेळ, प्रत्येकी तीन पोळ्या धरा. झाल्या १२०. एक पोळी लाटून-भाजायला दीड मिनिट लावलं, तरी तीन तास. कणीक मळणं वेगळं, पाणी भरणं वेगळं, भांडी वेगळी. शंभरावी पोळीसुद्धा पहिलीएवढाच वेळ घेते. इथे बॅचिंग नाही, इथे फक्त मनगट.

पुढची शंभर वर्षं स्वयंपाकघरात जे शोध लागले, ते बघा कुठे लागले. प्रेशर कुकरची मूळ कल्पना दनी पापँ या फ्रेंच माणसाची, १६७९ची. आपल्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टीज हे कुकर १९५९च्या सुमारास आले. आत वाफेचा दाब वाढतो, पाणी १००च्या ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि उघड्या पातेल्यात तासभर रेंगाळणारी तूरडाळ चार-पाच शिट्ट्यांत शिजते. मग मिक्सर आला, पाटा-वरवंटा सुटला. म्हणजे जे काम आधीच बॅचमध्ये होत होतं, ते अजून जलद झालं. पोळपाट-लाटणं मात्र जिथे होतं तिथेच राहिलं. आजही मुंबई-पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर 'पोळी-भाजी केंद्र' दिसतं, त्याचं कारण हेच. वरण आपण घरी लावतो, पोळ्या विकत आणतो.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग.

खानावळवालीची खरी अडचण स्वयंपाक नव्हती, रोकड होती. गडी पैसे देणार महिन्याच्या शेवटी, आणि धान्य मात्र आज हवं. मग वाण्याकडून उधारीवर घ्या, तो सांगेल त्या भावानं, तो देईल ते धान्य. नाहीतर सावकाराकडे मंगळसूत्र, भांडी गहाण टाका. वीस जणांना जेवू घालून हातात उरणार काय, तर व्याज. बँकेत जावं तर तारण नाही, जामीन नाही, अनेकींना सही येत नाही.

प्रेमा पुरव या मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्ती आंदोलनातून पुढे आलेल्या आणि मग मुंबईत कम्युनिस्ट चळवळीत, गिरणगावातल्या कामगारांमध्ये काम करणाऱ्या. १९७२च्या दुष्काळानंतर महागाई भडकली होती, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. त्याच वातावरणात, १९७५ मध्ये, प्रेमाताईंनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं होतं, गरिबांना कर्ज द्या असं धोरण होतं. त्याचा आधार घेऊन पहिल्या तुकडीतल्या १४ जणींना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी १,५०० रुपयांचं कर्ज मिळालं. तारण काय? एकमेकींचा शब्द. एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्या विचारणार.

रक्कम आज किरकोळ वाटेल. पण त्यामुळे महिन्याचं धान्य रोखीनं, एकदम आणि निवडून घेता आलं. वाण्याची उधारी सुटली. तेवढ्याच पैशात ताटात जास्त डाळ पडू शकते, हे यातून कळतं. पौष्टिक जेवण म्हणजे फक्त रेसिपी नाही, ते भांडवलसुद्धा आहे.

पुढे १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पगार बंद, म्हणजे खानावळीचा हिशोबही बंद. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत, गडी गावी परतले. ज्या गिऱ्हाइकावर धंदा होता तेच गेलं. मंडळानं मग रोख बदलला. ऑफिसांना डबे, कँटीन, केटरिंग, सणाला पुरणपोळ्या. गिरणी कामगाराऐवजी ऑफिसात जाणारा माणूस. म्हणजे आपण. प्रेमाताईंना पुढे पद्मश्री मिळाली, पण आपल्या शाळेच्या पुस्तकात हे सगळं मी तरी वाचलं नाही.

आता हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय?

आमच्या घरी आम्ही पाच माणसं. मी आणि बायको दोघंही आयटीत, आईबाबा आणि छोटी. सकाळी पोळ्यांना एक मावशी येतात. गेल्या महिन्यात त्या म्हणाल्या, "दादा, महिन्याला दोन सुट्ट्या भरपगारी द्या आणि पैसे थोडे वाढवा." घरात दोन तट पडले. बाबांचं म्हणणं, खाडा झाला की पैसे कापायचे, ही रीतच आहे. आई गप्प होती. मावशी येत नाहीत त्या दिवशी २४ पोळ्या तिच्या दुखऱ्या गुडघ्यांवर उभं राहून होतात, आणि त्या २४ पोळ्यांचा पगार कोणी काढतच नाही.

मी तेव्हा गिरणगावाचंच वाचत होतो, त्यामुळे तो 'खाडा' शब्द कानाला टोचला. खानावळीत गडी जेवला नाही, तर खाडा; पैसे बाईचे कापले जाणार. आज मावशी आल्या नाहीत, तर खाडा. पैसे पुन्हा बाईचेच कापले जाणार. टेबलाच्या कुठल्याही बाजूला बसवा, तोटा तिचाच.

आणि हे फक्त आमच्या घरात नाही. २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं दिसलं. पुरुष ९७. तेही जे करतात त्यांच्यातलं. मुळात असं काम करणाऱ्या बायका ८१ टक्के, पुरुष २६ टक्के.

तर माझं उत्तर असं. बिझी घरात स्वस्त आणि चांगलं जेवण होऊ शकतं, पण तीन गोष्टी मान्य केल्यावर.

एक, जे बॅचमध्ये होतं ते बॅचमध्ये करा. एका कुकरात डाळ आणि भात, दोन दिवसांची मोड आलेली मटकी किंवा चवळी, एकदाच भाजून ठेवलेलं वाटण. ताट साधं ठेवा. भाकरी-आमटी हे गरिबाचं म्हणून हलकं समजू नका. धान्यातल्या प्रथिनात जे कमी असतं ते डाळ भरून काढते आणि डाळीतलं कमी धान्य. आठवड्यातून दोनदा पोळीऐवजी ज्वारी-नाचणी, दोनदा नुसता भात. आठवड्याच्या पोळ्या तिथेच निम्म्यावर आल्या.

दोन, धान्य-कडधान्य महिन्याचं एकदम भरा. दहा मिनिटांत घरी येणारं ॲप सोयीचं आहे, पण सुटं सुटं घेणं महाग पडतं, हे खानावळवालीला सावकारानं शिकवलं होतं.

तीन, जे फक्त मनगटानं होतं, त्याची किंमत द्या. पैशानं द्या किंवा स्वतःच्या मनगटानं द्या. आमच्याकडे मावशींच्या दोन सुट्ट्या भरपगारी झाल्या, पगार वाढला. आणि त्या दोन दिवशी पोळ्या माझ्याकडे. सध्या एका पोळीला मला तीन मिनिटं लागतात आणि आकाराबद्दल बोलायचं नाही असं घरात ठरलंय. बाबा अजून पूर्ण पटलेले नाहीत. पण कणीक ते मळून देतात.

तुमच्या घरात कोणी खानावळ चालवली असेल, गिरणगावातली आजी असेल, तर तिला एकदा विचारा की वीस जणांचा हिशोब ती डोक्यात कशी ठेवायची. आणि रेकॉर्ड करून ठेवा, फोन हातातच आहे. पुढच्या भागात आपण रेशनकार्डाकडे वळू. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं, तिथून. तोपर्यंत नीट जेवा. भेटूच.