भिंतीआडच्या तारा आणि परवान्याचा कागद

जुन्या घराचे वायरिंग बदलायला काढले की भिंतीवरून विजेचा इतिहासच उतरू लागतो. दोन खाचांच्या सागवानी पट्ट्या, कापडी वेष्टणाच्या काळ्या तारा, चिनी मातीचे फ्यूज, दोनच भोके असलेले सॉकेट. यातली प्रत्येक वस्तू त्या त्या काळातल्या एखाद्या अडचणीवरचे उत्तर होती. एक अडचण मात्र पहिल्या दिवसापासून कायम आहे. वायरिंग नीट झाले आहे की नाही, हे केवळ दिवा लागला यावरून कळत नाही. चुकीच्या वायरिंगवरही दिवा तितकाच लख्ख लागतो. वीजकाम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे, या नियमाचे मूळ इथे आहे.

१८८२ साली एडिसनची वीजकेंद्रे सुरू झाली, लंडनमध्ये होबर्न व्हायाडक्ट येथे आणि न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवर. त्याच वर्षी लंडनच्या फिनिक्स या आगविमा कंपनीने वीजजोडणीचे नियम तयार केले. नुकसानभरपाई विमा कंपनीलाच द्यावी लागणार, तेव्हा तिला घाई असणे स्वाभाविक होते. पाठोपाठ तारायंत्र व वीज अभियंत्यांच्या संस्थेनेही आगीचा धोका टाळण्यासाठी नियमांची छोटी पुस्तिका काढली. विजेच्या प्रत्येक नव्या वापरातला धोका मुख्यतः यंत्रसामग्री पुरवणाऱ्या व बसवणाऱ्या माणसांच्या अज्ञानातून आणि अननुभवातून येतो, असे तिच्या सुरुवातीलाच म्हटले होते. ब्रिटनमध्ये ही परंपरा अजून चालू आहे. या नियमांची अठरावी आवृत्ती २०१८ साली निघाली.

आता तारांकडे वळू. कलकत्त्यात १८९९ साली आणि मुंबईत १९०५ साली सार्वजनिक वीजपुरवठा सुरू झाला, तेव्हा तांब्याच्या तारेवर रबराचे आवरण असे. हे रबर गंधक घालून टिकाऊ केलेले असे. पण गंधकाचा तांब्यावर परिणाम होतो, म्हणून तारेला कथलाचा मुलामा देत. जुनी तार सोलल्यावर पांढरी दिसते ती यामुळे. ती ॲल्युमिनियमची असेल असे समजू नये.

रबराचा दोष असा की उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने ते कडक होत जाते. तार जागच्या जागी असेपर्यंत काही दिसत नाही. ती वाकवली की आवरणाचा भुगा पडतो आणि आतले तांबे उघडे पडते. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया जिंकला आणि दोस्त राष्ट्रांना रबराची टंचाई भासू लागली. त्या काळात पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या आवरणाला चालना मिळाली आणि पुढे त्याने घरगुती वायरिंगमधून रबराला बाजूला सारले.

जुन्या बोर्डावर दोन तारांना दोन फ्यूज का असतात, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. आरंभीचा पुष्कळसा पुरवठा दिष्ट प्रवाहाचा, म्हणजे डीसी होता. दोन्ही तारा सारख्याच धोक्याच्या मानून दोघींनाही फ्यूज लावण्याची पद्धत पडली. पुढे प्रत्यावर्ती प्रवाहाच्या पुरवठ्यात एक तार जमिनीला जोडलेली, म्हणजे न्यूट्रल असू लागली. आता न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर दिवा विझतो, पण फेजची तार घरभर जिवंतच राहते. वीज गेली असे समजून माणूस हात घालतो आणि अपघात होतो. कालची खबरदारी आजचा सापळा झाली. भारतीय विद्युत नियम १९५६ मध्ये न्यूट्रलवर फ्यूज घालायला मनाई केली गेली, ती यासाठीच. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवले तरी असेच होते. दिवा बंद होतो, पण होल्डर जिवंत राहतो.

तिसरी गोष्ट भाराची. जुन्या घरात दोन दिवे आणि एक पंखा मिळून २०० वॉट धरा. २३० व्होल्टला प्रवाह ०.८७ अँपियर होतो. त्याच तारेवर २००० वॉटचा गिझर लावला की प्रवाह ८.७ अँपियर, म्हणजे दहापट. तारेत निर्माण होणारी उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती शंभरपट! फ्यूज सारखा उडतो म्हणून कोणी त्यात जाड तार घालतो, आणि मग तापण्याची पाळी भिंतीतल्या तारेवर येते.

आपल्याकडे १९१० च्या भारतीय विद्युत कायद्याखालील १९५६ च्या नियमांमध्ये ४५ वा नियम होता. घरातल्या मांडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलता दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलायला हरकत नव्हती. त्यापलीकडचे काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या कारागिराकडून करून घ्यावे, असे बंधन होते. २००३ साली नवा विद्युत कायदा आला. त्याखालच्या २०१० आणि २०२३ च्या सुरक्षा विनियमांतही हे तत्त्व कायम आहे.

केवळ परवाना आहे म्हणून काम उत्तम होईलच असे नाही. पण परवानाधारकाने कामाची चाचणी घ्यायची असते आणि अहवालावर सही करायची असते. मेगर या उपकरणाने प्रत्येक तार आणि जमीन यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा दिष्ट दाब देऊन आवरणाचा रोध मोजतात. तो निदान एक मेगओहम भरावा लागतो. फेज व न्यूट्रल आपापल्या जागी आहेत का, अर्थिंगची तार खरोखर जमिनीपर्यंत पोचते का, हेही तपासतात. डोळ्यांना न दिसणारे दोष इथे आकड्यांत दिसतात. म्हणून वायरिंग बदलून घेताना परवान्याची मुदत पाहावी आणि चाचणी अहवाल मागून घ्यावा. नुसता दिवा लावून दाखवणाऱ्या स्वस्त कारागिराकडे नेमका हा अहवाल नसतो.

वर्गात हा विषय घेताना मुलांना घरातल्या उपकरणांवर लिहिलेले वॉट टिपून आणायला सांगावे आणि एकूण प्रवाह काढायला लावावा. घर किती साली बांधले, वायरिंग शेवटचे केव्हा बदलले, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारायला लावावे. बोर्ड मात्र कोणी उघडायचा नाही, हे आधीच बजावावे. दोन्ही उत्तरे शेजारीशेजारी मांडली की काही घरांत आजच्या भाराला आजोबांच्या काळातल्या तारा पुरवल्या जात आहेत, हे मुलांच्याच लक्षात येईल. घरी जाऊन ते सांगणारीही तीच असतील.